पडद्याआडची पंगत

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील उपाहारगृह-व्यावसायिकांच्या परिषदेत केलेले अध्यक्षीय भाषण)



आपण मला या आसनावर बसविलेत याबद्दल मी आपला ऋणी आहे. माझ्याहून विद्वान आणि माझ्याहून सधन असे पुष्कळ सभासद समोर दिसत असता माझी निवड झाली ती बहुधा वयाच्या दाखल्यावरच झाली असावी, आणि तो दाखला खरा असल्यामुळे मला तक्रारीस जागा नाही. स्वागत समितीने व्यवस्था चोख ठेवली आहे, सकाळचे पोहे मऊ होते. आभाराचा दस्तूर येथेच पुरा झाला असे मानावे.

अध्यक्षाने व्यवसायाचे सिंहावलोकन करावे असा प्रघात आहे. बोरघाट चढण्यापूर्वी इंजिनात पाणी आणि पोटात अन्न घालण्यासाठी ज्या काळी प्रत्येक मोटार खोपोलीत थांबत असे, त्या काळी ज्यांच्या वाडवडिलांनी जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला खानावळी घातल्या, त्यांच्या पुढच्या पिढीने २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा होताच ती सारी वर्दळ आपल्याला टाळून परस्पर निघून जाताना पाहिली, आणि मग कुणी शेतघरांना डबे पोचवू लागला, कुणी कर्जतच्या चित्रपट-स्टुडिओत पंगती वाढू लागला, कुणी पावसाळी धबधब्यांच्या वाटेवर भजी तळू लागला. त्या धबधब्यांवरही आता दरसाल कर्जतच्या प्रांतकचेरीतून मनाई हुकूम निघतो. सिंहावलोकन ते इतकेच. तपशील कार्यवाहांच्या अहवालात आहे, तो आपण वाचणार नाही हे मला ठाऊक आहे.

आता ज्या विषयासाठी मी ही माळ गळ्यात घालून घेतली त्याकडे वळतो. सकाळच्या परिसंवादात प्रश्न असा होता की, कुटुंबांसाठी म्हणून उभारलेल्या मनोरंजन उद्यानांतील भोजनगृहांत मद्य द्यावे की नाही. हा प्रश्न आपल्या दोन तालुक्यांस परका नाही. २०१३ साली खोपोली-पाली रस्त्यावर, सांगडेवाडीच्या माळावर, मनमोहन शेट्टी यांच्या समूहाने इमॅजिका उघडले, पाठोपाठ जलक्रीडेचे उद्यान आले, बर्फाचे आले, शेजारी मोठे निवासी हॉटेल आले. आणि त्यांचे पाहून लहानमोठ्या रिसॉर्टांनी आपापल्या आवारात घसरगुंड्या नि तलाव बांधले. यांपैकी कोणाच्या पाटीवर आज काय लिहिले आहे हा माझा विषय नाही. उद्या काय लिहिले जावे, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे, आणि आपल्यापैकी बहुतेक वक्त्यांच्या विरुद्ध बोलणार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. दारूचा विषय निघाला की महाराष्ट्रात कुणीतरी उठून ‘एकच प्याला’चे नाव घेतोच, गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या त्या नाटकाने आपल्याला शंभर वर्षे पुरेल इतके रडविले आहे, आणि माझा मुद्दा सुधाकराच्या अधःपाताचा मुळीच नाही. माणसे दारू पितात, बहुतेक बेताने पितात, बिल चुकवून शहाण्यासारखी घरी जातात; हे मी गल्ल्यावर बसून आयुष्यभर पाहिले आहे. मला जे सांगायचे आहे ते पिणाऱ्याविषयी नाही. त्याच टेबलावर बसलेल्या, न पिणाऱ्या माणसाविषयी आहे.

आपल्या उपाहारगृहांची रचना आठवा. द्रुतगती मार्गाने गिऱ्हाईक नेल्यावर आपल्यापैकी अनेकांनी परमिट रूमचा परवाना घेतला. ती त्यांची निकड होती आणि मी कुणाच्या निकडीला नावे ठेवीत नाही. परंतु परवाना आला तेव्हा दालनांची वाटणी कशी झाली? रस्त्याकडची, खिडक्यांची, वारा खेळणारी पुढची खोली पिणाऱ्यांना गेली. आणि स्वयंपाकघराच्या पाठीमागे, हात धुण्याच्या बेसिनापासून दोन पावलांवर, जेथे भटारखान्याचा धूर बाहेर फेकणारा पंखा दिवसभर घरघरत असतो तेथे, प्लायवुडचे आडोसे उभारून आणि फुलाफुलांचा पडदा लावून आपण बायकामुलांची सोय केली, वर ‘फॅमिली रूम’ अशी पाटी लावून त्या सोयीबद्दल स्वतःची पाठही थोपटली. दारूच्या संकोचाने दारू पडद्याआड जावी, हे मला समजते. आपल्या जिल्ह्यात दारूच्या संकोचाने पंगत पडद्याआड गेली. ही माझी जुनी तक्रार आहे. आपल्या सभांतून ती मी वारंवार मांडू पाहिली आणि दरवेळी जीएसटीचा किंवा पाण्याच्या टँकरचा विषय आधी निघाला. आज ध्वनिक्षेपक माझ्या हातात आहे.

मी परवाना घेतला नाही. त्यात तत्त्व किती आणि हट्ट किती याचा हिशेब मांडणे कठीण आहे. आमच्या हिशेबनिसाच्या मते सारा हट्टच होता, कारण एक टेबल तासभर थाळी खाऊन जे देते त्याच्या कितीतरी पट ते तासभर पेला धरून देते, हे त्याने मला पुनःपुन्हा आकडे मांडून दाखविले होते. पण परवाना नसल्यामुळे माझ्या दारात एक दृश्य मला रोज पाहावयास मिळाले, जे आपल्यापैकी अनेकांना दिसले नसेल. गाडी थांबते, पुरुष खाली उतरतो, बाई मुलांना घेऊन उतरत नाही. ती आधी काच खाली करून विचारते, “इथे बार नाही ना?” नाही म्हटल्यावर दारे उघडतात. मग ती मंडळी आत येतात आणि कोठेही बसतात. कोठेही, हा शब्द मी जाणून वापरतो आहे. ज्या हॉटेलात मद्य चालते तेथे कुटुंब कसे बसते हे कधी निरखून पाहा: पुरुष दालनाकडे तोंड करून बसतो, बायको आणि मोठी मुलगी भिंतीकडे तोंड करून बसतात. त्यांना तसे बसा म्हणून कुणी सांगितलेले नसते.

एकदा उन्हाळ्यात संध्याकाळी, उद्यानातून परतणारे एक बिऱ्हाड माझ्याकडे उतरले. गालावर वाघाचे पट्टे रंगविलेला मुलगा, एक लहान मुलगी, आईबाप आणि आजी. बाप वाटेत दुसरीकडे कोठे थोडे घेऊन आलेला होता. बोलणे नीट, वागणे सभ्य, आवाजही चढलेला नाही. मुले पाळण्यांच्या गोष्टी सांगत होती, आजी हसत होती. त्या बाईंनी मात्र ताटातली तांदळाची भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. त्यांचे लक्ष नवऱ्याच्या डोळ्यांवर होते, किल्ली कोणत्या खिशात आहे यावर होते, पनवेलपर्यंतचा रस्ता किती वेळाचा यावर होते. वालाचे बिरडे आमच्याकडे बरे होते अशी ख्याती आहे. त्या दिवशी त्या बाईंनी काय खाल्ले हे दुसऱ्या दिवशी त्यांना सांगता आले नसते.

माझे सारे म्हणणे या ताटात आहे. ज्या टेबलावर पेला येतो त्या टेबलावर घरातले एक माणूस, आणि बहुधा ती घरातली बाई, पगाराशिवाय अबकारी खात्याची जमादार होते. पहिला झाला, दुसरा झाला, तिसरा मागवतात की काय, मुलांसमोर सूर बदलला तर विषय कसा बदलावा, परतताना गाडी कोणी चालवावी आणि ते सांगावे कसे, ही सारी नोंदवही ती डोक्यात उघडते आणि घरी पोचेपर्यंत मिटत नाही. नवरा गुणी असला तरी ही नोकरी चुकत नाही. महागडे तिकीट काढून कुटुंब ज्या दिवशी उद्यानाच्या फाटकातून आत जाते त्या एका दिवशी या नोकरीतून तिला रजा मिळते. आणि आपले परिसंवादी ती रजा रद्द करायला निघाले आहेत!

एका तरुण सभासदाने सकाळी विचारले की, हल्ली स्त्रियाही घेतात, त्यांचे काय? घेतात, माझ्या घरातही घेतात आणि त्यावरून आमच्याकडे कुणी जेवण सोडलेले नाही. पण मग नोंदवही दुसऱ्या कुणाकडे जाते. आणि दोघेही घेत असतील तर ती आठ वर्षांच्या मुलाकडे जाते. तशी मुलेही मी पाहिली आहेत. ती आइस्क्रीम फार सावकाश खातात.

दुसरे सभासद परदेशी जाऊन आलेले आहेत आणि तेथे सर्वत्र मिळते असे त्यांनी सांगितले. आता डिस्नेचाच दाखला घ्यावयाचा तर पुरता घ्यावा. वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ साली कॅलिफोर्नियात अनाहाइमचे उद्यान उघडले ते मद्यास मज्जाव करून. १९६७ साली मूठभर सभासदांच्या क्लबापुरता अपवाद झाला. १९९२ साली पॅरिसजवळचे उद्यान तोच नियम घेऊन उघडले, पण जेवणाबरोबर वाइन नाही ही कल्पनाच फ्रेंचांस मानवेना आणि पुढच्याच वर्षी नियम मोडला. फ्लॉरिडाच्या मॅजिक किंग्डमने २०१२ साली एका भोजनगृहात, फक्त रात्रीच्या जेवणाबरोबर, फक्त बिअर आणि वाइन एवढीच फट ठेवली; २०१८ पर्यंत टेबलसेवेच्या सर्व भोजनगृहांत पेले आले. फट ठेवणाऱ्यांची नियत मी वाईट म्हणत नाही. परवान्याचा धर्मच असा आहे, आणि तो आपल्याइतका दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? परवान्याची फी एकदा भरली की ती वसूल करणे आले. मग मागेल त्याला द्यावे यावर भागत नाही, वाढप्याने प्रत्येक टेबलापाशी जाऊन आधी तेच विचारावे असा हुकूम सुटतो, जेवणाचे पान मेन्यूकार्डात मागे सरकते, आणि भटारखाना थाळी सोडून चकण्याला लागतो. आपल्या पोपटीचे काय झाले ते पाहा: थंडीत शेताच्या बांधावर, भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, ज्यांच्याभोवती म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट घर बसत असे, त्या आज शेतघरांच्या जाहिरातीत बाटलीच्या सोबतीला छापल्या जातात.

परदेशाविषयी आणखी एक. कोपनहेगनचे टिव्होली १८४३ पासून चालू आहे, आणि ते शहराच्या मुख्य रेल्वेस्थानकासमोर आहे. पॅरिसच्या उद्यानाच्या फाटकाशी आगगाडी उभी राहते. तेथे दोन पेले घेतलेला गृहस्थ पायी स्थानक गाठतो. आपल्या उद्यानातून संध्याकाळी बाहेर पडलेले कुटुंब, दिवसभराच्या उन्हाने आणि पाण्याने शिणलेले, आपल्या गाडीत बसून एकतर घाट चढते किंवा मुंबईच्या गर्दीत शिरते. निवासी हॉटेलात रात्र काढणाऱ्याने तेथे काय घ्यावे याविषयी माझा वाद नाही. तो सकाळपर्यंत गाडीला हात लावणार नाही.

कायदा आहेच, असे तिसरे वक्ते म्हणाले. आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्या राज्यात अजून हयात आहे, सौम्य मद्याला २१ आणि तीव्र मद्याला २५ वर्षांची अट आहे, पिणाऱ्याच्या खिशात परवाना हवा असाही नियम आहे. आपल्यापैकी कितीजणांनी गिऱ्हाईकाचा जन्मदाखला पाहिला, हात वर करा. कोणी नाही. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरांच्या आत मद्यविक्रीस मनाई केली, तेव्हा केरळात एकाने दारापुढे वळणावळणाची वाट बांधून ते अंतर भरून काढल्याचे वृत्त आपण सर्वांनी मोठ्या कौतुकाने वाचले. २०२२ च्या जानेवारीत किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत वाइन ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला आणि केवढे वादळ उठले! त्या वादळात शेतकऱ्याच्या द्राक्षांविषयी पुष्कळ बोलले गेले, संस्कृतीविषयी त्याहून पुष्कळ. दुकानात महिन्याचे सामान भरणाऱ्या बाईला कुणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

राहता राहिला तो मुद्दा, जो सगळ्यांत टाळ्या घेऊन गेला: बंदी केली तरी माणसे शीतपेयाच्या बाटलीत मिसळून आणतातच, मग राजरोस द्यावे हे बरे. आणतात. माझ्याही टेबलाखाली तशा बाटल्या सापडल्या आहेत आणि मी त्या गिऱ्हाईकाच्या देखत मोरीत ओतल्या आहेत. एकजण भांडला, बाकीचे ओशाळले, आणि ओशाळलेल्यांपैकी काही पुढच्या वर्षी मुलांना घेऊन पुन्हा आले. चोरून आणणाऱ्याला निदान आपण कोणाचा दिवस वापरतो आहोत याची जाणीव असते. मेन्यूकार्डावर छापल्यानंतर ती जाणीव बाळगण्याची जबाबदारी त्याची उरत नाही, ती पुन्हा समोर बसलेल्या बाईकडे जाते.

परिषदेने पुढे काय करावे याविषयी दोन शब्द बोलणे मला प्राप्त आहे. उद्यानांच्या चालकांस एक विनंतिअर्ज जावा. त्याचा मसुदा माझ्या खिशात आहे, पण अर्धाच झाला आहे, आणि उरलेला अर्धा कार्यवाहांनी पुरा करावा. एक उपसमिती नेमावी. तिच्यावर निम्म्याहून अधिक भगिनी असाव्यात, आणि तिने काय करावे हे तिनेच ठरवावे. ज्यांच्याकडे परमिट रूम आहे त्यांनी पुढची, खिडक्यांची खोली जेवणाऱ्यांना देऊन मागची पिणाऱ्यांना द्यावी, अशीही एक सूचना मी मांडणार होतो. पहिल्या दोन रांगांतून जी कुजबुज ऐकू येते आहे तीवरून ती आज संमत होईल असे दिसत नाही. तेव्हा ती नुसती नोंदवून ठेवावी आणि पुढच्या वर्षीच्या अध्यक्षांपुढे ठेवावी.

भोजनाची वेळ टळून गेली असल्याची खूण स्वागताध्यक्षांनी दोनदा केली आहे. दुपारच्या सत्रात पाणीपट्टी, कचऱ्याची वाहतूक आणि जीएसटी हे विषय आहेत. त्यांवर मला काही म्हणावयाचे नाही.