विडंबनाला परवाना कोणी द्यायचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



विडंबन मराठी वाचकाला नवे नाही. आचार्य अत्रे यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये समकालीन कवींची यथेच्छ खिल्ली उडवली. मूळ कविता ओळखू आली तरच तिचे विडंबन हसवते; चित्राचेही तसेच आहे. विडंबनकाराला मूळ कृतीतून काही उचलावेच लागते. हे उचलणे चोरी ठरते काय, हा आजचा प्रश्न आहे.

अमेरिकेतील दोन खटले या संदर्भात उद्बोधक आहेत. १९९१ साली अ‍ॅनी लीबोविट्झ यांनी टिपलेले डेमी मूर या गरोदर अभिनेत्रीचे विवस्त्र छायाचित्र एका मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. पॅरामाउंट कंपनीने १९९४च्या एका विनोदी चित्रपटाच्या जाहिरातीसाठी त्याच पवित्र्यातील दुसऱ्या गरोदर स्त्रीचे छायाचित्र घेऊन त्यावर लेस्ली नील्सन या नटाचा खट्याळ चेहरा बसवला. १९९८ साली अपील न्यायालयाने हा न्याय्य वापर ठरवला. मूळ चित्रातील गांभीर्याचीच ही थट्टा होती. उलट १९९२ साली जेफ कून्स हे शिल्पकार हरले. कुत्र्याची पिल्ले मांडीवर घेतलेल्या जोडप्याच्या एका छायाचित्राबरहुकूम त्यांनी शिल्प घडवले होते. टीका समाजावर असेल, पण त्या छायाचित्रावर नाही, असे न्यायालयाने म्हटले.

हा भेद आपण मान्य केला पाहिजे. छायाचित्रकारही श्रमजीवीच आहे; थट्टेच्या नावाखाली त्याचे श्रम फुकट लाटणे आपल्याला मंजूर नाही. परंतु जो थट्टेचा विषय आहे, त्याच्याकडेच परवानगी मागायला लावणे म्हणजे थट्टा बंद करणे होय.

आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ टीका व समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा देते. ‘विडंबन’ हा शब्द मात्र त्यात नाही. ब्रिटनने २०१४ साली तो आपल्या कायद्यात घातला. आपल्याकडे सारी भिस्त न्यायाधीशांच्या विवेकावर आहे. ओडिशातील धामरा बंदरामुळे कासवांना धोका आहे, हे सांगण्यासाठी ग्रीनपीसने एका संगणकीय खेळात टाटांचे बोधचिन्ह वापरले. टाटांनी दहा कोटी रुपयांची भरपाई मागितली. २०११ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. तो वाद व्यापारचिन्हाचा व बदनामीचा होता; तरी सार्वजनिक हिताच्या प्रश्नावर बलाढ्य कंपनीचीही थट्टा करता येते, हे त्यातून दिसले.

पण ग्रीनपीसला वकील परवडतात. तालुक्याच्या गावी व्यंगचित्रे काढणाऱ्या तरुणाला कंपनीची नोटीस आली, तर तो न्यायालयापर्यंत पोहोचतच नाही; चित्र मागे घेतो. निकाल लागण्यापूर्वीच तो हरलेला असतो. त्याच्या हाती दाखवण्याजोगे स्पष्ट कलम हवे. म्हणून कलम ५२मध्ये विडंबन व व्यंगचित्र यांचा निःसंदिग्ध उल्लेख व्हावा, ही मागणी आपण संसदेपुढे नेली पाहिजे.