गल्ला आणि घरखर्च



हुबळीच्या कमरीपेठेत किंवा दुर्गदबैलाकडे एखादे लहानसे दुकान थाटावे, दोन शिवणयंत्रे मांडावीत अथवा पापड-मसाल्यांचा घरगुती व्यवसाय करावा, अशा उमेदीने जे तरुण आणि ज्या भगिनी सल्ला विचारावयास येतात, त्यांचा पहिला प्रश्न भांडवलाचा असतो, दुसरा जागेचा आणि तिसरा पाटीवर नाव काय घालावे याचा. परंतु गल्ल्यात पडलेला पैसा नेमका कोणाचा, हे कोणीच विचारीत नाही, म्हणून आकाशवाणीवर मला मिळालेला अवधी मी बहुतांशी त्या न विचारलेल्या प्रश्नावरच खर्च करणार आहे.

समजा, पाचशे रुपयांचा माल भरला आणि तो सहाशेला विकला. सायंकाळी गल्ल्यात सहाशे रुपये दिसतात, आणि त्या दर्शनाने भल्याभल्यांची मती गुंग होते. त्यांतील पाचशे मालाचे. उरलेल्या शंभरांतून भाडे, हमाली, तोलातील घट आणि पोऱ्याचा पगार वजा जाता जे राहील ते आपले, आणि तेही राहिले तर.

हे मालाचे पाचशे म्हणजे धंद्याचे विरजण. आपल्या घरची गृहिणी दही संपत आले तरी तळाशी चमचाभर विरजण राखतेच. मुलांनी हट्ट धरला, अवेळी पाहुणा आला, तरी त्या चमच्याला हात लागत नाही. शेजारीण मागावयास आली तर ती थोडे देते, परंतु वाटी निपटून देत नाही. उधारीचे सारे शास्त्र यात आले. दूध विरजून ठेवल्यावर ती घटकेघटकेला भांडे हलवून पाहत नाही, आणि दूध वाढले तर आधी भांडे मोठे घेते. इतकी शहाणी बाई स्वतः दुकान मांडते तेव्हा मात्र तेच विरजण मुलाच्या फीसाठी काढून देते, आणि पुरुषांविषयी तर बोलावयासच नको!

म्हणून सांगतो, नोकराला लावावे तसे स्वतःलाही ठराविक वेतन लावून घ्या आणि ते कीर्दीत आपल्या नावे खर्ची टाका. त्यापलीकडे साखरेचा एक पुडा जरी घरी नेला, तरी तोही नावे पडला पाहिजे. 'दुकान आपलेच आहे' या वाक्याने जितकी दुकाने बसली, तितकी मंदीनेही बसली नसतील.

हिशेब काटेकोर ठेवण्याचा हुबळीचाच एक जुना दाखला घ्या. १६७३ साली मराठ्यांच्या फौजेने ही पेठ लुटली, तीत इंग्रज कंपनीच्या वखारीचेही नुकसान झाले. कंपनीने आकडा मांडला तो ७,८९४ होनांचा, आणि पुढच्या वर्षी शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडी गेला, तेव्हाही या भरपाईचा तगादा चालूच होता. दावा खरा किती आणि फुगविलेला किती, हे इतिहासकारांनी ठरवावे. मला कौतुक त्या आकड्याच्या शेवटच्या चारांचे. आमच्या दुकानदारास गेल्या महिन्यातील तूट विचारा, तो आढ्याकडे पाहतो! लक्ष्मीपूजनाला वहीस हळदकुंकू वाहावयाचे आणि तुळशीचे लग्न लागण्यापूर्वीच वहीत लिहिणे बंद करावयाचे, ही कसली पूजा?

मोठे उद्योग मोठेच जन्मतात, अशी समजूत असेल तर आपल्या शेजारच्या बेळगावाकडे पाहावे. गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली मांडले ते सायकलींचे दुकान. कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर मागाहून आले, आणि औंध संस्थानातील ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती १९१० साली. मध्ये बावीस वर्षे गेली. विरजणाचे दही व्हावयास तितका काळ द्यावा लागतो. आमच्या तरुणांना बावीस महिनेदेखील जड जातात.

लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीने शेतकरी किर्लोस्करांच्या नांगरास हात लावीनात, तेव्हा त्या माणसाने कसा धीर धरला, हे विस्ताराने सांगावयाचे मनात होते. उधारीचा तर मी नुसता उल्लेख करून पुढे गेलो. तिच्या वसुलीला निदान वार तरी ठरवावा, आणि बाजाराचा दिवस सोडून... परंतु काचेपलीकडून निवेदकांनी हात वर केला आहे.