आकड्यांच्या वस्तऱ्याची निगा
(म्हसवड येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आम्ही हाती खडू धरला, तरी वडिलांची धोकटी विसरलो नाही. तीत वस्तऱ्याशेजारी एक सेफ्टी रेझर असे. जिलेट कंपनीने १९५८ साली अमेरिकेत विक्रीस आणलेल्या जातीचा तो होता. त्याची आकड्यांची कडी १ ते ९ फिरविली की पात्याखालील फट कमी-अधिक होई. वडिलांच्या पश्चात आम्ही तो ओलाच ठेवीत गेलो. आमच्या विहिरीचे पाणी जड. क्षार व साबणाचा मळ साचून कडी अडकली. आम्ही ती पकडीने पिळली आणि मोडली. दोष सर्वस्वी आमचाच.

म्हणून सांगतो, प्रथम पाते काढावे. रेझर कोमट साबणपाण्यात थोडा वेळ बुडवून मऊ ब्रशाने सांधे घासावेत. कडीवर बळ करू नये. स्वच्छ पाण्याने धुऊन तो पुरता वाळवावा. मग सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडून कडी हलकेच पुढे-मागे फिरवावी. खोबरेल वापरू नये; ते थंडीत गोठते व पुढे चिकट होते.

खंडेनवमीस आम्ही त्या रेझरची पूजा करतो. परंतु तो आता चालत नाही. आपल्या घरी असा रेझर असल्यास हळदकुंकवाआधी त्यास तेलाचा तो थेंब अवश्य द्यावा.