पाण्याची पाळी

(गास येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘गावातले समूहजीवन : काल आणि आज’. या विषयावर दोन भाषणे आयती मिळतात. एकात जुने गाव म्हणजे स्वर्ग असतो, माणसे एकमेकांवर जीव टाकत असतात आणि कुणाच्या दाराला कडी नसते. दुसऱ्यात रस्ते, वीज, शाळा, दवाखाना यांचा पाढा असतो. दोन्हींना टाळ्या पडतात आणि दोन्ही ऐकून माणूस आला तसाच घरी जातो. मला आज एवढेच तपासायचे आहे की ही माणसे एकमेकांना बांधलेली होती ती नेमकी कशाने. माझे उत्तर जरा रुक्ष आहे. मुख्यतः पाण्याने.

वसईच्या या पश्चिम पट्ट्यात जमिनीखाली गोडे पाणी आहे ते पावसाचे. रेतीमिश्रित जमिनीत ते मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. बेताने उपसले तर वर्षभर पुरते, ओरबाडले तर खालचे खारे पाणी वर चढते. आपले पूर्वज भूजलशास्त्र शिकले नव्हते, पण हा हिशेब त्यांना पाठ होता. म्हणून त्यांनी वाडीच्या सखल भागात बावखले खणली. पावसाळ्यात चहूकडचे पाणी बावखलात उतरायचे, आजूबाजूच्या विहिरींना पाझरायचे, आणि उन्हाळ्यात त्यावरच रहाट फिरायचे. माळेला बांधलेली मडकी भरून वर यायची, पन्हाळीत रिती व्हायची आणि पाटाने पाणी केळीच्या, पानवेलीच्या, फुलझाडांच्या मुळाशी जायचे. राजेळी, मुठेळी, वेलची ही केळी किंवा उत्तर हिंदुस्थानच्या बाजारात नाव कमावलेले वसईचे पान, या सगळ्यामागे बावखल होते.

आता यातला सामाजिक भाग पाहा. बावखल बहुधा एका घराचे नसायचे, ते अनेक घरांचे सामायिक असायचे. म्हणजे पाण्याची पाळी ठरवावी लागायची. आज तुझा रहाट, उद्या माझा. भावकीत वैर असो, लग्नावरून अबोला असो, पाळी मोडता यायची नाही, कारण मोडणाऱ्याची वाडी पुढच्या आठवड्यात सुकायची. उन्हाळ्याच्या शेवटी गाळ काढायचा तो सगळ्यांनी मिळून. तो गाळ म्हणजे खत, त्याचीही वाटणी. दोन सख्खे भाऊ एकमेकांचे तोंड पाहत नाहीत आणि तरी एकाच बावखलात उतरून गाळाच्या पाट्या एकमेकांच्या हातात देतात, हे चित्र मला गावाच्या प्रेमाच्या शंभर गोष्टींपेक्षा अधिक बोलके वाटते. प्रेम होते की नाही ते देव जाणे. काम होते, आणि ते एकट्याने होणारे नव्हते.

सुकेळ्यांचेही तसेच. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, कारवीच्या किंवा बांबूच्या मांडवावर उन्हात वाळवायची, रोज उलटायची, संध्याकाळी झाकायची, मग केळीच्याच सुक्या पानात बांधायची. एकट्या बाईचे हे काम नाही. चार घरच्या बाया एकत्र बसल्याशिवाय ते होत नाही, आणि चार घरच्या बाया एकत्र बसल्या की गावातली कुठली बातमी सुटत नाही. तयार झालेली सुकेळी कार्तिकात निर्मळच्या यात्रेत विकायला जायची. यात्रा एका शंकराचार्यांच्या समाधिस्थानाची, आणि तिथे माल घेऊन बसणाऱ्यांत ख्रिस्ती शेतकऱ्याची बायको असायची. सर्वधर्मसमभाव हा मोठा शब्द तिने ऐकला असेल नसेल, तिला गिऱ्हाईक ठाऊक होते.

हे ऐकून कुणाला वाटेल की मीसुद्धा पहिलेच भाषण करतो आहे. तसे नाही. या पाळीत ज्याची जमीन होती त्यालाच जागा होती. वाडीत राबणाऱ्या आदिवासीची पाळी कुठेच नव्हती. याच वसई तालुक्यात, दहिसरसारख्या गावांत, माणसे लग्नासाठी घेतलेल्या क्षुल्लक कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या मालकाकडे वेठीला होती, आणि ती सोडवण्यासाठी 1982 साली श्रमजीवी संघटना उभी राहावी लागली. स्वातंत्र्य मिळून पस्तीस वर्षे झाल्यावर! तेव्हा जुन्या गावाचे गोडवे गाताना हा हिशेब बाजूला ठेवता येणार नाही. समूहजीवन होते. ते कुणाकुणाचे होते, हा प्रश्न वेगळा.

मग पाळी मोडली कशी? आधी इंजिन आले, मागून विजेची मोटर आली. मोटरीला शेजारी लागत नाही, बटण लागते. रहाट थांबले, बैल विकले गेले. बावखल तरीही होते, पण आता त्यावर अवलंबून कुणी नव्हते, म्हणून गाळ काढायला कुणी येईना. मग नालासोपारा, वसई, विरारच्या इमारती वर आल्या आणि त्यांना पाणी हवे होते. ज्या विहिरी वाडीसाठी होत्या त्यांतून टँकर भरू लागले. इथे मात्र शेजाऱ्याचा संबंध पुन्हा आला, उलट्या बाजूने: एकाने टँकरला पाणी विकले की शेजाऱ्याची विहीर खारी. पूर्वी पाळी मोडणाऱ्याचीच वाडी सुकत असे, आता सुकते ती दुसऱ्याची. शिक्षेची दिशाच फिरली. आणि शेवटी जमिनीला भाव आला तेव्हा बावखल म्हणजे भरावाची वाट पाहणारा खड्डा झाला. सनसिटी-गास रस्ता पावसाळ्यात पाण्याखाली जातो तेव्हा आपण नगरपालिकेला, मग महापालिकेला शिव्या देतो. द्याव्यात, हरकत नाही. पण बावखले आणि मिठागरांच्या बाजूचे सखल भाग भरून टाकल्यावर त्या पाण्याने जायचे तरी कुठे?

याविरुद्ध कुणी बोललेच नाही असे नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या पुढे होते. शेजारच्या नंदाखालचा हा माणूस, ‘सुवार्ता’चा संपादक, 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष. टँकरवाले आणि बिल्डर यांच्या विरोधात धर्मगुरू रस्त्यावर उतरतो, हे तेव्हा पुष्कळांना खटकले होते. 2024 च्या जुलैत ते गेले. त्यांच्यावर आजवर अनेकांनी भाषणे केली असतील, मी फक्त एवढे म्हणेन की त्यांच्या आंदोलनात मोर्चाला आलेले लोक पाण्यासाठी आले होते, आणि पाणी हाच त्यांचा जुना धागा होता.

या गावातल्या ज्या गोष्टी टिकल्या त्या मी नीट पाहतो तेव्हा दिसते की त्या सगळ्यांना अजून काम आहे. 1918 साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी पापडीला पतपेढी काढली, सावकाराच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवायला. ती आज बॅसीन कॅथॉलिक बँक आहे, शंभरी ओलांडून उभी. ती भावनेवर चालली नाही. कर्ज देताना जामीन लागतो, जामीन म्हणजे शेजारी, आणि शेजाऱ्याला तोंड दाखवायचे असते म्हणून हप्ता भरला जातो. तुमच्या गासच्या चर्चचेही तेच. संत गोन्सालो गार्सिया हा वसईत जन्मलेला, 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रूसावर गेलेला, 1862 साली संतपदाला पोचलेला. अशा संताच्या नावाने उभे असलेले चर्च सणाला भरते, ते बाहेरून येणाऱ्याला दिसते. मला जास्त महत्त्वाचे वाटते ते अंत्यविधीचे. कुणी गेले की घंटा वाजते आणि माणसे कामधंदा टाकून येतात. मुलगा कॅनडात, मुलगी ऑस्ट्रेलियात. खांदा द्यायला शेजारीच. हे काम मोटरीवर होत नाही, म्हणून ते राहिले.

आता जरा लांब जाऊ, विलायतेत. तिथल्या खेड्याचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे दगडी चर्च, हिरवे मैदान, एक गुत्ता आणि क्रिकेट येते. या गावांपैकीच एकातून, विल्टशरमधल्या बुश्टनहून, थॉमस स्टीफन्स नावाचा तरुण निघाला आणि 1579 साली गोव्याला पोचला. पुढे त्याने मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले, हे तुमच्यासमोर सांगायला नको. त्याच्या काळी इंग्लंडात पुष्कळ खेड्यांतून शेते पट्ट्यापट्ट्यांनी वाटलेली, गायरान सामायिक, नांगरणी-कापणीच्या तारखा सगळ्यांनी मिळून ठरवायच्या. आपल्या पाळीचाच प्रकार. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटने कायद्यामागून कायदे करून ही शेते आणि गायराने कुंपणात घातली. उत्पन्न वाढले, गरिबाची गाय गेली. रोनाल्ड ब्लाइद यांनी सफोकमधल्या खेड्यांतल्या लोकांशी बोलून 1969 साली ‘एकेनफील्ड’ लिहिले. त्यातले जुने शेतमजूर गावाबद्दल गोड बोलत नाहीत. मालकाच्या शेतावर हाडे झिजवल्याचे सांगतात. तिथलाही स्वर्ग म्हणजे नंतर शहरातून राहायला आलेल्यांची कल्पना. आज अनेक खेड्यांतले दुकान बंद, शाळा बंद, घरे शनिवार-रविवारपुरती. काही ठिकाणी गावकऱ्यांनी शेअर काढून आपला गुत्ता विकत घेतला, तो चालवण्याच्या निमित्ताने माणसे पुन्हा एकमेकांच्या दारी जाऊ लागली. पुन्हा कामच.

पण एक गोष्ट त्यांनी राखली, आणि तिच्यासाठीच मी तुम्हाला इतक्या लांब नेले. तिथे एकेकाळी रस्त्यांपासून गरिबांच्या मदतीपर्यंत गावचा कारभार चर्चशी जोडलेली सभा पाहत असे. 1894 च्या कायद्याने नागरी कामे तिच्याकडून काढून निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलकडे दिली. तिचे अधिकार तुटपुंजे आहेत, दिवाबत्ती, बाके, दफनभूमी, मैदान एवढेच. तरी काहीशे वस्तीच्या खेड्यालाही आज स्वतःची कौन्सिल असते आणि वरच्या संस्थेला बांधकामाच्या परवानगीबाबत तिचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते.

आपल्याकडे काय झाले? 3 जुलै 2009 रोजी चार नगरपालिका आणि 53 ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महापालिका झाली. गासची पंचायत तेव्हाच संपली. गावांनी याला विरोध केला, तोही साधासुधा नव्हता. वेठबिगार सोडवणाऱ्या श्रमजीवी संघटनेचे विवेक पंडित त्या लाटेवर 2009 साली वसईतून अपक्ष आमदार झाले. 2011 साली सरकारने 29 गावे वगळण्याचा निर्णय घेतला, प्रकरण न्यायालयात गेले, वर्षे उलटली, आणि गावे पालिकेतच राहिली. त्या लढ्यात घोषणा होती हिरवाईची, करांची, गावाच्या ओळखीची. माझ्या मते खरी हानी दुसरीकडे झाली. ग्रामपंचायतीच्या कायद्यात ग्रामसभा आहे. प्रत्येक मतदार तिचा सभासद, वर्षातून किमान चार सभा, आणि सरपंचाला समोर उभे करून विचारता येते की बावखलाच्या भरावाला ना-हरकत कुणी दिली. सभेत भांडणे होत, खुर्च्या उचलल्या जात, सगळे मान्य. पण भांडायला जागा होती. 2011 च्या जनगणनेत 12 लाखांच्या वर गेलेल्या शहरात ती जागा कुठे आहे? पालिकेत तक्रार अर्ज करता येतो. अर्ज एकट्याने करायचा असतो.

म्हणजे नळ आला, रस्ता आला, दिवे आले आणि त्याबरोबर एकत्र बसण्याचे शेवटचे सरकारी निमित्त गेले. मी पंचायत परत आणा असे म्हणायला इथे आलेलो नाही. ती लढाई तुम्ही लढलात, मी बाहेरचा. पण एक दार अजून आहे, फारसे कुणी उघडत नाही. महाराष्ट्राच्या महापालिका अधिनियमात 2009 पासूनच क्षेत्रसभेची तरतूद आहे. मतदानकेंद्रांच्या हद्दीतल्या मतदारांची सभा, नगरसेवकाने बोलवायची. मोठमोठ्या शहरांतही ती क्वचितच भरते, कारण नगरसेवकाला ती नको असते आणि मतदाराला ती ठाऊक नसते.

गासमध्ये ती मागता येईल. विषयपत्रिका मी सुचवतो, एकच विषय: गावात आज किती बावखले उरली, त्यांचे सातबारे कुणाच्या नावावर आणि कसे आहेत, आणि यंदा पावसाआधी कुठल्या बावखलाचा गाळ काढायचा. सामायिक मालकांपैकी निम्मे परदेशी असतील, सह्यांना वेळ लागेल, भावकीतली जुनी भांडणे वर येतील. येऊ द्या. सभेच्या मागणीचा अर्ज लिहायला कुणाला मदत हवी असेल तर मी इथेच थांबलो आहे. आधी प्रश्न घेऊ.