पाण्याचा फेरा आधी कागदावर

बोईसर-तारापूर भागातल्या आमच्या बचत गटातर्फे आज आम्ही तुमच्याशी बोलणार आहोत.

आमच्याकडे कर्ज मागितलं जातं ते शिलाई मशीनसाठी, शेळ्यांसाठी, नाहीतर मासळीच्या धंद्यासाठी. गेल्या उन्हाळ्यात मात्र वेगळीच मागणी आली. गटातल्या एका ताईची मुलगी म्हणाली, "मावशी, मला माझा संगणक पाण्याने गार करायचाय. ३०,००० रुपये लागतील." आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. विजेच्या यंत्रात पाणी घालायचं?

ही मुलगी घरी बसून लग्नाचे व्हिडिओ तयार करते. मे महिन्यात दुपारी तिचा संगणक एवढा तापायचा, की काम अर्ध्यावर असताना बंद पडायचा. काम वेळेवर गेलं नाही म्हणून एक गिऱ्हाईक तुटलंही होतं. म्हणजे हौस नव्हती, पोटाचा प्रश्न होता. पण पैसा सगळ्याजणींचा. आम्ही म्हटलं, "आधी सगळं कागदावर काढून समजाव. आम्हाला कळलं तर पैसे."

तिने उदाहरण दिलं ते आपल्याच तारापूरचं. इथलं अणुवीज केंद्र देशातलं पहिलं, १९६९ पासूनचं. ते समुद्राकाठी का बांधलं? टर्बाइन फिरवून आलेल्या वाफेचं परत पाणी करायला भरपूर गार पाणी लागतं, ते समुद्रातून मिळतं. समुद्राचं पाणी नळ्यांच्या आतून वाहतं, वाफ नळ्यांच्या बाहेर असते. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. फक्त उष्णता इकडची तिकडे जाते.

संगणकातही तसंच. तापणाऱ्या प्रोसेसरवर तांब्याचा छोटा ठोकळा बसवतात. त्याच्या आतून पाणी जातं आणि उष्णता घेऊन निघतं. पुढे रेडिएटर, ट्रॅक्टरला असतो तसाच, पण लहान. तिथे पंखे त्या पाण्याला वारा घालतात. कपातला चहा बशीत ओतला की लवकर निवतो ना, रेडिएटर तेच करतो, उष्णता पसरवतो. निवलेलं पाणी टाकीत येतं, पंप ते पुन्हा पुढे ढकलतो. असा हा बंद फेरा.

मग आम्ही प्रश्न विचारायला सुरुवात केली.

पहिला प्रश्न, याची खरंच गरज आहे का? तिने आधी पंख्यांतली धूळ काढली, प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. तापमान ९६ अंशांवरून ८४ वर आलं. बऱ्याच जणींचं काम एवढ्यावरच भागेल, तेही थोडक्या खर्चात. हिचा संगणक मात्र सलग दोन तास राबला की पुन्हा नव्वदीपार जायचा.

दुसरा प्रश्न, पाण्याने किती गार होणार? खोलीत ३५ अंश असतील, तर फेऱ्यातलं पाणी त्याच्या खाली उतरत नाही. आणि संगणकातून निघालेली उष्णता शेवटी खोलीतच येते. म्हणून यादीत आधी भिंतीतला बाहेर हवा टाकणारा पंखा लिहिला.

तिसरा प्रश्न विचारला तो कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करणाऱ्या ताईने. "ठोकळा तांब्याचा, मग रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा कसा?" हे दोन धातू एकाच पाण्यात असले, की अ‍ॅल्युमिनियम झिजत जातं. तो रेडिएटर स्वस्त होता म्हणून यादीत आला होता. तो खोडला, तांब्याचा घेतला.

चौथा प्रश्न, पाणी कुठलं? बोअरचं नाही, नळाचंही नाही. क्षार बसून बारीक खाचा बुजतात. ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं. त्यात गंज आणि शेवाळ रोखणारं औषध घालायचं, किंवा याच कामासाठी मिळणारं तयार द्रावण वापरायचं.

कागदावर आणखी काही गोष्टी ठरल्या. टाकी पंपाच्या वर हवी, पंप कोरडा चालला तर बिघडतो. पहिल्या वेळी मऊ नळी घ्यायची, ती कापायला आणि वळवायला सोपी. सगळ्यात खाली पाणी काढायची तोटी ठेवायची. ग्राफिक कार्डावरचा ठोकळा त्याच मॉडेलचा लागतो आणि कार्ड उघडलं तर वॉरंटीचा प्रश्न येऊ शकतो. म्हणून पहिल्या खेपेला फक्त प्रोसेसर. रेडिएटर विकत घेण्याआधी कॅबिनेटमधली जागा पट्टीने मोजली. एवढं झाल्यावर मागणी ३०,००० वरून १९,००० वर आली. मग आम्ही कर्ज मंजूर केलं.

जोडणी झाली त्या रात्रीची गोष्ट सांगतो. बाकी संगणकाला वीज न देता फक्त पंप २४ तास चालवून बघायचा, असं ठरलं होतं. प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद ठेवला. मुलगी दमून झोपली. तिची आई पहाटे चारला पाण्याला उठली, तेव्हा तिने बॅटरी मारून पाहिलं. एक कागद ओला! जोड पुरता आवळलेला नव्हता. तो घट्ट केला, सगळं पुसून वाळवलं आणि २४ तास पुन्हा पहिल्यापासून मोजले. घाई करून त्या रात्रीच संगणक सुरू केला असता, तर कर्ज उरलं असतं आणि संगणक गेला असता.

आता भर दुपारीही तापमान सत्तरीच्या आसपास राहतं. हप्ते वेळेवर येतात. दर महिन्याला जाळीची धूळ काढायची आणि वर्षातून एकदा पाणी बदलायचं, हेही तिने त्याच कागदावर लिहून भिंतीला लावलंय.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात उद्या एखादी मुलगी अशी अनोळखी मागणी घेऊन आली, तर आम्हाला त्यातलं काय कळतं, असं म्हणून तिला परत पाठवू नका. तिला कागद द्या आणि आपल्याला सुचतील ते सगळे प्रश्न विचारा. चूल, पाणी आणि पैसा आपण रोज सांभाळतो. त्यातून सुचलेले प्रश्न इथेही कामाला आले.