चिकुनगुनिया : ताप उतरतो, दुखणे राहते

चिकुनगुनियाचा रुग्ण दवाखान्यात येतो तोच भिंतीला धरून. आदल्या संध्याकाळपर्यंत धडधाकट असतो. रात्री थंडी वाजून सडकून ताप भरतो आणि सकाळी पाऊल टेकवत नाही. मनगटे, बोटांची पेरे, घोटे सुजतात. अंगावर पुरळ उठते. हे नावच मुळी आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतले; अर्थ, वेदनेने वाकणे. १९५२-५३ साली आजच्या टांझानियात हा आजार प्रथम ओळखला गेला. आपल्याकडे १९७३ मध्ये बार्शीत त्याची साथ आली होती. पुढे तीन दशके तो विस्मरणात गेला आणि २००६ मध्ये राज्यात अनेक जिल्ह्यांत पुन्हा पसरला.

या विषाणूवर नेमके औषध नाही. विश्रांती, भरपूर पाणी आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल, एवढाच सुरुवातीचा उपचार. रुग्ण मात्र म्हणतात, "डॉक्टर, एक जोरदार इंजेक्शन द्या." इथेच सावध राहायला हवे. डेंग्यूही याच एडिस डासामुळे होतो आणि पहिले काही दिवस दोन्ही सारखेच दिसतात. डेंग्यू असेल तर अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून तपासणीत डेंग्यू नाही असे ठरेपर्यंत ही औषधे नकोत. मनाने स्टिरॉइड तर नकोच. पोटात जोराची कळ, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा फार सुस्ती दिसली तर, ताप उतरलेला असला तरीही, ताबडतोब रुग्णालय गाठावे. तान्ही मुले, वृद्ध आणि दिवस भरत आलेल्या गरोदर स्त्रिया यांना विशेष जपावे.

ताप आठवड्याभरात जातो. सांधे मात्र काहींना महिनोन् महिने छळतात. खुरपे धरता येत नाही, पोळी लाटता येत नाही. "ताप तर गेला, आता कसले कण्हणे?" असे घरचे विचारतात. मी त्यांना स्पष्ट सांगतो, हे सोंग नव्हे, आजारच आहे. हळूहळू हालचाल वाढवावी. तीन महिन्यांनंतरही सूज राहिली तर सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी एक गोष्ट. पहिल्या आठवड्यात रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो आणि हा डास दिवसा चावतो. तेव्हा रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. पिंप, हौद आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासा, कारण डासाची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेलाही महिनोन् महिने टिकतात.