ग्रामपंचायतीचा कर आणि पाहणीचे आकडे

(कपिलधार, जिल्हा बीड येथे ग्रामपंचायत पदाधिकारी, अधिकारी व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बालाघाटच्या कुशीतील हे कपिलधार 'परमरहस्य'कार मन्मथस्वामींच्या समाधीमुळे सर्वदूर परिचित आहे. कार्तिक पौर्णिमेला महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक आणि तेलंगणातूनही भाविक येथे येतात. यात्रेच्या दिवसांत पाणी, दिवाबत्ती, स्वच्छता आणि रस्ता यांचा जो भार अशा ठिकाणावर पडतो, तो आपणांस सांगावयास नको. प्रश्न असा आहे की, वर्षअखेरीस यात्रेच्या गावातून जो हिशोब वर जातो, त्यात हा भार कोठे दिसतो? अनुदाने बहुतांशी जनगणनेतील लोकसंख्येवर ठरतात आणि यात्रेकरू तर त्या लोकसंख्येत धरलेले नसतात. यात्रेवरचा खर्च 'इतर' या सदरात गेला, की तो तालुक्याच्या बेरजेत विरघळतो. जे आकड्यांत उतरत नाही, ते नियोजनाच्या टेबलावर पोहोचत नाही. म्हणून सार्वजनिक जमाखर्चाच्या पाहणीचा विषय वरवर रुक्ष दिसला, तरी तो आपल्या हक्काचा विषय आहे.

आकड्यांचे मोल

मराठवाड्याला हे वेगळे समजावून देण्याची आवश्यकता नाही. १९८३ साली राज्य शासनाने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाविषयी सत्यशोधन समिती नेमली. १९८४ च्या अहवालात समितीने रस्ते, पाटबंधारे, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, वीज अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्ह्याची स्थिती राज्याच्या सरासरीशी ताडून पाहिली आणि सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष निश्चित केला. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटींचा होता. मराठवाडा मागे आहे, हे लोक पूर्वीही सांगतच होते. पण तक्रारीला संख्येचे रूप आले, तेव्हा तिचे मागणीत रूपांतर झाले. अनुशेष कसा मोजावा यावर पुढे वाद झाले. तथापि तो मोजला पाहिजे, याविषयी वाद उरला नाही.

जिल्ह्याला जे लागू, तेच गावाला लागू आहे. १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान मिळाले आणि दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमण्याची तरतूद झाली. आयोगाने निधीची वाटणी सुचवावयाची, तर राज्यातील सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींचे खरे उत्पन्न आणि खरा खर्च त्याच्यापुढे असावयास हवा. अकराव्या केंद्रीय वित्त आयोगाने २००० सालीच पंचायतींचे हिशोब नीट ठेवण्यावर व त्यांच्या वित्तव्यवहाराचा माहितीसाठा उभारण्यावर भर दिला होता. पंधराव्या आयोगाने पुढचे पाऊल टाकले आणि मागील वर्षाचे तात्पुरते व त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशोब संगणकीय प्रणालीवर सर्वांना पाहता यावेत, अशी अट अनुदानासाठी घातली. सारांश, हिशोबाची नोंद हीच निधीची किल्ली झाली.

शून्य आणि रिकामी जागा

जानेवारी २०२४ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने पंचायतींच्या वित्तव्यवहारावर अहवाल प्रसिद्ध केला. २०२०-२१ ते २०२२-२३ या तीन वर्षांचा, देशातील सुमारे २ लाख ५८ हजार पंचायतींचा हा आढावा होता. पंचायतींच्या महसुलात त्यांच्या स्वतःच्या करांचा वाटा जेमतेम १ टक्का असल्याचे त्यात दिसले. उरलेला बहुतेक भाग केंद्र व राज्य यांच्या अनुदानांचा होता.

हा आकडा वाचून पंचायती कर गोळा करीत नाहीत, असा निष्कर्ष सहज काढला जातो. परंतु आपण येथे क्षणभर थांबले पाहिजे. एखाद्या पंचायतीच्या कराच्या रकान्यात काही नसेल, तर त्याचे तीन अर्थ संभवतात. कराची आकारणीच झाली नाही, हा पहिला. आकारणी झाली, पण वसुली झाली नाही, हा दुसरा. वसुली होऊन पावती फाटली, पण ती रक्कम संगणकावर चढली नाही, हा तिसरा. पहिल्यावर उपाय ग्रामसभेच्या हाती, दुसऱ्यावर वसुली यंत्रणेच्या हाती, आणि तिसऱ्यावर केवळ नोंद करणाऱ्याच्या हाती आहे. तिन्हींची बेरीज एकाच शून्यात झाली, तर रोग एक आणि औषध दुसरे, अशी गत होते.

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ ने पंचायतींना इमारती व जमिनींवरील करापासून दिवाबत्ती कर, पाणीपट्टी, यात्रेकरूंवरील कर आणि जत्रा-उत्सवांवरील करापर्यंत अनेक अधिकार दिले आहेत. आपल्या पंचायतीने यांपैकी कोणते अधिकार वापरले व कोणते जाणूनबुजून वापरले नाहीत, हे विवरणात स्पष्ट दिसले पाहिजे. यात्रेकरूंवर कर न लावण्याचा निर्णय गावाने भक्तिभावाने घेतला असेल, तर तेथे शून्य लिहावे. रकाना मोकळा सोडू नये. शून्य हा निर्णय असतो, रिकामी जागा हे केवळ मौन असते. नव्या पाहणीची पहिली कसोटी हीच आहे.

मागणी, वसुली आणि बंद घरे

दुसरी अडचण शब्दांच्या अर्थाची. समजा, एका गावाची चालू वर्षाची कराची मागणी ४ लाख रुपये आहे, मागील बाकी २ लाख आहे आणि वर्षभरात ३ लाख वसूल झाले. चालू मागणीशी तुलना केली तर वसुली ७५ टक्के. एकूण मागणीशी केली तर ५० टक्के. दोन्ही उत्तरे गणिताने बरोबर आहेत. पण एका तालुक्याने पहिली रीत आणि दुसऱ्याने दुसरी रीत धरली, तर तुलनेला काही अर्थ उरत नाही. म्हणून व्याख्या एक असावी आणि ती विवरणपत्राच्या माथ्यावरच छापलेली असावी.

बीड जिल्ह्यात याला आणखी एक पैलू आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो आणि येथील असंख्य कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांच्या फडांवर जातात. ती परततात, तोवर वसंत ऋतू सरत आलेला असतो. नेमक्या याच काळात, म्हणजे मार्चअखेरीच्या आत, वसुलीची मोहीम असते. कुलूप लागलेल्या घराच्या नावापुढे थकबाकी पडते आणि वार्षिक आकडा त्या गावाला चुकार ठरवितो. वस्तुतः त्या कुटुंबाने कर नाकारलेला नसतो. मागणीचे बिलच त्याच्या हाती पडलेले नसते. वसुलीचे आकडे वर्षाचे एकदाच न घेता महिन्यामहिन्याने घेतले आणि 'घर बंद' असा स्वतंत्र रकाना ठेवला, तर हे सत्य समोर येईल. मग उपायही सुचेल : बिले पावसाळ्यातच, माणसे गावात असताना बजावावीत आणि फडावरूनही मोबाईलद्वारे कर भरता यावा.

माहिती एकदाच, उगमापाशी

अमेरिकेत दर पाच वर्षांनी, २ आणि ७ या अंकांनी संपणाऱ्या वर्षी, सर्व शासकीय संस्थांची गणना होते. तेथील सुमारे ९० हजार स्थानिक संस्थांचे जमाखर्च एकाच वर्गीकरणाखाली मांडले जातात. शक्य तेथे प्रत्येक संस्थेला वेगळा फॉर्म न पाठविता राज्याच्या कार्यालयात आधीच जमलेली माहिती वापरली जाते. जी माहिती एकदा दिली, ती पुन्हा मागू नये, हे त्यातून घेण्याजोगे तत्त्व आहे.

आपल्याकडे या तत्त्वासाठी लागणारी सामग्री तयार आहे. नमुना ८ मध्ये कर आकारणी, नमुना ९ मध्ये मागणी व वसुली, नमुना १० ही पावती आणि नमुना ५ ही रोकडवही. एप्रिल २०२० पासून ई-ग्रामस्वराज ही प्रणाली देशभर उपलब्ध आहे. गावठाणातील घरांचे ड्रोनद्वारे मोजमाप करणाऱ्या स्वामित्व योजनेचा मार्ग तर पुणे जिल्ह्यातील सोनोरी या गावातील प्रयोगाने दाखविला. घरांचा नकाशा हाती आला, की नमुना ८ मध्ये किती घरे राहून गेली, हे पडताळता येते. २०१५ च्या सुधारित नियमांनी घरपट्टी भांडवली मूल्यावर आधारली गेल्यामुळे ही पडताळणी अधिकच महत्त्वाची आहे.

उणीव आहे ती दुवा जोडण्याची. पावती पुस्तकात एकदा, रोकडवहीत दुसऱ्यांदा, संगणकावर तिसऱ्यांदा आणि कोणी तातडीने माहिती मागविली की चौथ्यांदा, असा तोच आकडा लिहावा लागला, तर चूक होणारच. पूर्वी ज्यांना ग्रामसेवक म्हणत, त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या खांद्यांवर आधीच मोठे ओझे आहे. पावती फाडतानाच नोंद व्हावी, तीच नोंद पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि अर्थ व सांख्यिकी संचालनालय यांनी वाचावी आणि कोणीही तोच तक्ता पुन्हा मागू नये. आधुनिकीकरण याचे नाव आहे. केवळ कागदाचा तक्ता पडद्यावर आणला, तर ओझे तेवढेच राहते; फक्त त्याची जागा बदलते.

आकडे गावाकडे परत यावेत

गावातून वर गेलेला आकडा गावाकडे परत येत नाही, ही आजची मोठी खंत आहे. आपल्या शेजारच्या, तेवढ्याच लोकवस्तीच्या पाच गावांत दिवाबत्तीवर किती खर्च होतो आणि पाणीपट्टीतून पाणीयोजनेचा किती खर्च भागतो, हे सरपंचांना एका पानावर मिळाले, तर पाहणी त्यांना कटकट वाटणार नाही. ज्याला आकड्याचा उपयोग कळतो, तोच तो काळजीने लिहितो.

आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचा हिशोब ठेवण्याची तरतूद कायद्यातच आहे. तो घाईने वाचून संपविण्याऐवजी फलकावर मांडावा : मागणी किती, वसुली किती, बंद घरे किती, अनुदान किती, आणि कोणता रकाना का रिकामा आहे. शिक्षक बंधु-भगिनींना माझी विनंती आहे की, टक्केवारीचा पाठ शिकविताना आपल्याच पंचायतीचा प्रसिद्ध झालेला हिशोब उदाहरणादाखल घ्यावा. नावे वगळावीत, बेरजा घ्याव्यात. जी मुले आज ते गणित सोडवतील, ती उद्या ग्रामसभेत योग्य प्रश्न विचारतील. पंचायत सदस्यांनी येत्या बैठकीत एवढेच करावे : मागील विवरणपत्र मागवून घ्यावे आणि त्यातील प्रत्येक रिकाम्या जागेचे उत्तर कार्यवृत्तात नोंदवावे. या कामाला निधी लागत नाही आणि वरून आदेश येण्याची वाटही पाहावी लागत नाही.